पावती

सॅगिनॉ, मिशिगन. लूथरन चर्चमागचं पार्किंग.
घडीच्या टेबलाशी मी, काउंटीची कारकून,
पेन धरता यावं म्हणून हातमोज्याची दोन बोटं कापलेली.
चालू पिस्तुलाला शंभर डॉलरचं किराणा कार्ड,
गंजलेल्याला पंचवीस,
छऱ्याच्या बंदुकीला कॉफी आणि आभार.
कुठून आणलंत, हे विचारायचं नाही. तसा नियमच आहे.
मी फक्त नंबर उतरवते.

रस्त्यापलीकडे गॅरी ऑडेकर्क
पिकअपला पुठ्ठा टेकवून उभा: दीडशे, रोख.
गुंड नाही तो. गेल्या हिवाळ्यात
माझी गाडी बर्फातून त्यानेच ओढून काढली.
"रांगेत येतात ते सगळे सरळमार्गी," तो म्हणतो,
"ज्याला मुडदा पाडायचाय
तो तुझ्या कार्डावर बटाटे घेणार आहे का?"
मला त्याचंही पटतं.
आणि व्हर्नीसचंही, जी शेजारी कॉफी ओतते आहे,
जिच्या लेकाला पेट्रोलपंपावर
कुणीतरी दुसराच समजून
(वाक्य ती पूर्ण करत नाही. साखर किती, विचारते.)

सोमवारी साहेबांना एक ओळ हवी आहे:
परवान्याच्या कायद्याने गुन्हे घटले का?
माझ्याकडे दहा वर्षांचे तक्ते आहेत.
कायदा आला त्या साली आकडा उतरला,
पण त्याच साली कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली,
थंडीही हाडं फोडणारी होती,
आणि तीन तास गाडी हाकली की
राज्य बदलतं, दुकान बदलतं, प्रश्न कमी होतात.
पुढच्या साली आकडा पुन्हा चढला.
आकडा म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीतला गडी,
हाताला लागेल त्याचं नाव घेतो.

साडेअकराला लिओकाडिया व्हिचोरेक आल्या. वय एक्याऐंशी.
हातात तपकिरी कागदी पिशवी,
तोंडाला पोलिसांची लाल पट्टी, अजून न फोडलेली.
"नवऱ्याचं. मार्चमध्ये. गॅरेजमध्ये.
त्यानेच, स्वतःवर."
चौकशी मिटल्यावर ठाण्यातून फोन आला होता,
तुमची वस्तू घेऊन जा.
गुन्हा नव्हता ना तो.
सही घेतली, पावती दिली,
आणि जूनपासून ती पिशवी पिठाच्या डब्यामागे.

मी पट्टी कापली. नंबर लिहिला.
कार्ड त्यांनी घेतलं नाही.
पावती मात्र मागून घेतली,
घडी घालून पर्समध्ये ठेवली, आधीच्या पावतीशेजारी.

हिंसक गुन्हे या रकान्यात
त्यांचा नवरा कुठेच नाही. मी दोनदा पाहिलं.

आमच्या काकांकडे बारा बोअर होती, उसातल्या डुकरांसाठी.
निवडणूक लागली की तासगाव ठाण्यात जमा,
निकाल लागेपर्यंत.
काका तणतणायचे, मतांचा आणि माझ्या डुकरांचा काय संबंध!
गावात डोकी तर फुटायचीच, काठीने, पहारीने.
खरं होतं ते.
पण एरवी मला कुशीत ओढून
आतून कडी घालून झोपणारी काकू
ते तीन आठवडे सोप्यात झोपायची,
दार सताड उघडं टाकून, घोरायचीसुद्धा.
ठाण्याच्या रजिस्टरात तेव्हा
फक्त बंदुकीचा नंबर असणार.

दोन वाजता टेबलाची घडी घालायला
गॅरीच रस्ता ओलांडून आला.
त्याला तीन मिळाल्या, आम्हाला एकेचाळीस.
पुठ्ठा काखेत, नाक लाल.
"ती पिशवीवाली म्हातारी," तो म्हणाला,
"तिला मी दोनशे म्हटलं होतं.
थांबलीच नाही."